इदाल्मिस आरेन्सिबियाचे नव्वद दिवस

एकेचाळिसाव्या वर्षी पाटी कोरी करून पुन्हा शिकाऊ म्हणून बसायचं, आणि तेही सव्वीस वर्षांच्या पोरीच्या हाताखाली, हे काही खायचं काम नाही. ज्यांना सोपं वाटतं त्यांनी एकदा बसून बघावं. इदाल्मिस आरेन्सिबिया पहिल्या दिवशी खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती. कुणी 'ऊठ' म्हणालं तर उठायला वेळ लागू नये, म्हणून.

ऑफिस म्हणजे तरी काय, मोन्तेविदेओच्या कोर्दोन भागातलं एक जुनं बैठं घर. मागे अंगण, अंगणात लिंबाचं झाड, आणि आत सात माणसं. दूध-संघांसाठी प्रोग्राम लिहायचे: कुठल्या टँकरने कुठल्या गोठ्यावरून किती लिटर दूध उचललं, कधी उचललं, ते सगळं. मालक मिल्तोन एचेगोयेन. पन्नाशी उलटलेला, बोलायला संथ, काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात मातेचं भांडं. हा माते म्हणजे कडू पाल्याचा काढा. इथली माणसं तो एकाच नळीने आळीपाळीने ओढत बसतात आणि त्यालाच काम म्हणतात. इदाल्मिसला तो पहिल्या घोटालाच औषधासारखा लागला. तिला हवी कॉफी, काळी आणि भरपूर साखरेची.

"तुम्ही मला सांगाल ते मी..." तिने सुरुवात केली.

"तुम्ही कोण?" मिल्तोनने मागे वळून बघितलं. "इथे मी एकटाच आहे. मला कुणी तुम्ही म्हटलं की माझी कंबर दुखायला लागते. मिल्तोन म्हण. आणि ही फेदेरिका, तुझं काम हिच्याकडे. नव्वद दिवस बघू. जमलं तर जमलं."

तेवढंच. तारीख होती सप्टेंबरची चौदा. इदाल्मिसने मनातल्या मनात बोटं मोजली.

तिला असे दिवस मोजायची सवय नव्हती असं नाही. क्युबातल्या कामाग्वे शहरात चौदा वर्षं तिने प्रोग्राम लिहिले, प्रांताच्या बस-कार्यालयासाठी. अख्ख्या प्रांताच्या गाड्या तिने लिहिलेल्या वेळापत्रकावर धावायच्या. म्हणजे ज्या दिवशी डिझेल असेल त्या दिवशी. नवरा होता, तो फार आधीच दुसरीकडे नांदायला निघून गेला. उरली आई. शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, एनेइदा नाव, घरात सगळ्यांची मिमा. निघायचं ठरलं तेव्हा मिमानेच फ्रीज विकायला काढला. "बर्फाशिवाय माणूस मरत नाही," म्हणाली, "पण तू इथे बसून वाळत चाललीस, ते मला बघवत नाही."

मग गयानापर्यंत विमान, तिथून ब्राझीलभर बसेस, अकरा दिवस. पायांना सूज, पाठीवर एक पिशवी, पिशवीत पदवीचा कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. मोन्तेविदेओत उतरली तेव्हा थंडी अशी होती की तिला वाटलं, हवेचंच काहीतरी बिघडलंय.

पदवीचा कागद कुणी उघडूनही बघितला नाही. काम मिळालं ते बेकरीत. नेलिदा नावाच्या खमक्या बाईची बेकरी. पहाटे येऊन बिस्कोचो, म्हणजे गोड-खारे छोटे पाव, तबकांत लावायचे, पुड्या बांधायच्या. तेरा महिने. सुरुवातीला कुणी विचारलं की ती सांगायची, मी प्रोग्रामर आहे. सहा महिन्यांनी सांगायला लागली, मी प्रोग्रामर होते. नंतर नंतर तिने सांगणंच सोडलं. पिठाने केस पांढरे झालेल्या बाईने असलं काही सांगितलं की लोक 'हो का' म्हणतात, आणि तो 'हो का' फार जिव्हारी लागतो.

ही नोकरीही नेलिदानेच ढकलून मिळवायला लावली. जाहिरात तिनेच वाचली आणि म्हणाली, "जा, भेटून ये. तू तबकं लावतेस ती बघून मला झोप येत नाही. माणसानं इतकं नीट असू नये."

तर आता नव्वद दिवस. जमलं नाही तर इदाल्मिस काही उपाशी मरणार नव्हती, बिस्कोचो होतेच. पण मग तिला स्वतःलाच आपण प्रोग्रामर होतो यावर विश्वास ठेवता आला नसता. दुसऱ्यांदा पडलेल्या एकेचाळीस वर्षांच्या बाईला तिसऱ्यांदा कोण उभं करतं?

पहिलं काम साधं होतं. दूध-संघाला दर आठवड्याला एक एक्सेल फाईल हवी होती: गोठा, तारीख, लिटर. "काही अडलं तर विचार," फेदेरिका म्हणाली. ती बोलायची भरभर, चालायची भरभर, आणि कानांत कायम काहीतरी गाणं. इदाल्मिस कामाला लागली. फेदेरिका जाता येता विचारायची, "कसं चाललंय?" इदाल्मिस म्हणायची, "चाललंय." फेदेरिकाला वाटलं, नवी आहे, बाकीची घडी समजून घेत असेल. असे तीन आठवडे गेले.

तीन आठवड्यांनी इदाल्मिसने फाईल उघडून दाखवली. सुरेख होती. रकाने सरळ, बेरजा बरोबर, वर ठळक मथळा. फेदेरिकाने मान डोलावली आणि मग आतला कोड उघडला. खाली सरकवत गेली, सरकवत गेली. कानांतली गाणी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?"

"फाईल बनवणारा प्रोग्राम."

"ते दिसतंय. हे चार हजार ओळींचं सगळं तू लिहिलंस?"

"मग कोण लिहिणार?"

फेदेरिकाने मालकाला हाक मारली. "मिल्तोन, जरा इकडे ये. हिने एक्सेल लिहिलंय."

"एक्सेलमध्ये काय लिहिलंय?"

"एक्सेलमध्ये नाही. एक्सेलच लिहिलंय."

खरंच तसं होतं. एक्सेलची फाईल आतून कशी विणलेली असते ते उसवून बघून इदाल्मिसने ती टाक्याटाक्याने स्वतः विणली होती. मिल्तोन खुर्ची ओढून बसला, नळीने एक घोट घेतला, आणि शक्य तेवढ्या हळू आवाजात म्हणाला, "बाई, हे आयतं मिळतं. फुकट. सगळं जग तेच वापरतं. एका ओळीत होतं हे काम."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. इदाल्मिसला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

आता ह्यात हसण्यासारखं काय होतं ते हसणाऱ्यालाच ठाऊक. बस-कार्यालयात इंटरनेट म्हणजे दर गुरुवारी एक तास, साहेबाच्या खोलीतल्या एका मशीनवर, आणि रांगेत अकरा माणसं. त्यातही निम्मी पानं उघडायचीच नाहीत. तुमचा देश बघून दार लागायचं. आयता कोड आला तर कुणाच्या तरी डिस्कवरून यायचा, नाही तर नाही. म्हणून कुणी शोधत बसत नसे. लागेल ते बसून लिहायचं. आणि विचारायचं? विचारणं म्हणजे दुसऱ्याची मिनिटं खाणं. जो न विचारता निभावून नेतो तो हुशार, असं चौदा वर्षं तिच्या हाडात मुरलं होतं. नेट आता तिच्या बोटाखाली होतं, चोवीस तास, पण बोटांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"उद्या बोलू," मिल्तोन म्हणाला.

संध्याकाळी खोलीवर जाताना बेकरीवरून जावंच लागायचं. नेलिदा दारात उभी. "काय गं, हाकललं?"

"अजून नाही."

"मग आत्तापासून तोंड कशाला पाडलंयस? हाकलल्यावर पाड. तेव्हा कामाला येईल." आणि तिच्या हातात एक पुडी कोंबली.

दुसऱ्या दिवशी इदाल्मिस सगळ्यांच्या आधी आली. आयता कोड शोधला, वाचला, समजून घेतला. फेदेरिका आली तेव्हा चार हजार ओळी गेलेल्या होत्या आणि त्यांच्या जागी पस्तीस होत्या. फाईल कालच्यासारखीच सुरेख.

"तू पुसलंस?" फेदेरिकाने विचारलं.

"हो."

"सगळं? एवढं लिहिलेलं?"

"ठेवून काय करू? उद्या मी नसले तर सांभाळणार कोण? तुला उगीच ओझं."

 फेदेरिका शेजारची खुर्ची ओढून बसली. "मला माझ्या दहा ओळी पुसायच्या म्हटलं तरी रडू येतं," ती म्हणाली. "पण इदाल्मिस, तीन आठवडे गं. मी इथे हातभर अंतरावर बसते. एकदा तरी विचारायचंस."

तेव्हा इदाल्मिसने गुरुवारचा तास सांगितला, अकरा माणसं सांगितली. फेदेरिका ऐकत राहिली. तिच्या जन्मात नेट नसलेला एक दिवस आला नव्हता, पण कान द्यायला ती शिकलेली होती. शेवटी तिने फर्मान काढलं: रोज दुपारच्या जेवणाआधी तीन प्रश्न विचारायचे. कमी पडले तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बिस्कोचो आणायचे.

पहिल्या आठवड्यात सगळं ऑफिस बिस्कोचो खाऊन खाऊन फुगलं. नेलिदा खूश. मग हळूहळू इदाल्मिसची जीभ सैल झाली. सुरुवातीचे प्रश्न कसले, लिंबाला पाणी कोण घालतं, ही खिडकी उघडत का नाही. पण महिनाअखेर अशी वेळ आली की फेदेरिका म्हणाली, "सात झाले. उद्याचे आज विचारू नकोस, मला माझंही काम आहे."

ऑक्टोबर संपता संपता दोघी शहराबाहेर सान होसेच्या गोठ्यांकडे गेल्या, टँकर बघायला. टँकरवाले फोनवर नोंद नीट करत नाहीत अशी तक्रार होती, आणि फेदेरिका तणतणत निघाली होती की ह्यांना एकदा बटणं दाखवून येते. टँकरवाला हेबेर, साठीला टेकलेला, टोपीखालून फक्त मिशा दिसायच्या. दोघींना त्याने पुढच्या सीटवर बसवलं. तिसऱ्या गोठ्यावर दूध भरून झालं, त्याने फोन काढला, आकडा टाकला, आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. हेबेरने फोन खिशात ठेवला, पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला आणि पेन्सिलीने लिहिलं: अठराशे चाळीस.

"हे ऑफिसला कळवलंत का?" फेदेरिकाने विचारलं. तिचा आवाज बराच खाली आला होता.

"कळवलं ना. उत्तर आलं, नेट असेल तिथे उभे राहून नोंद करा." हेबेरने मिशीवरून हात फिरवला. "पोरी, गाय कुठे उभी राहते ते मी ठरवत नाही."

ते उत्तर फेदेरिकानेच पाठवलेलं होतं. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

परतीच्या बसमध्ये इदाल्मिसने त्या दिवसाचा तिसरा प्रश्न विचारला. "फोनने नेटची वाट का बघायची? आकडा स्वतःजवळ लिहून ठेवावा. नेट आलं की पाठवून द्यावा. नाही आलं तर उद्या."

"नेट नाहीच, असं धरून मी कधी काही लिहिलंच नाही," फेदेरिका म्हणाली.

"आणि मी, नेट आहे असं धरून कधी लिहिलं नाही."

दोघी हसल्या, आणि बस शहरात शिरेपर्यंत वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढत बसल्या.

काम इदाल्मिसला मिळालं. आणि लगेच सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नवा प्रोग्राम टँकरांवर गेला आणि दुसऱ्याच दिवशी हेबेरचा फोन. नेट येत-जात राहिलं की फोन तोच आकडा दोनदा पाठवत होता. "अठराशेचे छत्तीसशे दिसताहेत," हेबेर म्हणाला. "गोठ्याचा मालक गाईंकडे संशयाने बघतोय."

 जुनी इदाल्मिस असती तर दार लावून चार दिवस एकटीच झुंजली असती. ही तडक फेदेरिकाच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "मी घोळ घातलाय. बघतेस?" दुपारपर्यंत घोळ निस्तरला. प्रत्येक नोंदीला आपला वेगळा क्रमांक दिला, तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर आत घ्यायचा नाही. हेबेरने परत फोन करून कळवलं की गाईंची अब्रू वाचली.

आणि असं होता होता डिसेंबर आला.

कामाग्वेत काहीही झालं तर सभा व्हायची. सकाळी सगळे उभे राहायचे, साहेब कागद वाचायचा, टाळ्या पडायच्या, प्रशस्तिपत्र मिळायचं. कामाला घेतलं तरी सभा, कामावरून काढलं तरी सभा. इदाल्मिसची नऊ प्रशस्तिपत्रं मिमाने ओळीने भिंतीवर लावलेली आहेत, आणि त्यातल्या दोनांवर नाव चुकीचं आहे, तरीही. तेव्हा इदाल्मिस सभेची वाट बघत होती. ऐंशी दिवस झाले, कुणी ब्र काढेना. पंच्याऐंशी झाले. ह्या देशातली माणसं पावाच्या लादीवर तासभर वाद घालतील, पण जे बोलायला हवं त्यावर मूग गिळून बसतील. मिमा रोज फोनवर विचारायची, "सभा कधी आहे गं?" आणि इदाल्मिस सांगायची, "होईल."

सत्त्याऐंशीव्या दिवशी ती कॉफी घेऊन आत आली तर भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी चौघं कुजबुजत उभे. तिला बघून गप्प झाले. फेदेरिकाने नजर चुकवली. नंतर मिल्तोनच्या खोलीतून तिचा चढलेला आवाज आला: "हे बरोबर नाही. ती बिचारी..." आणि दार लागलं.

झालं. आता समजायचं काय राहिलं? विचारायचं तर ओठांवर होतं, सगळे प्रश्न विचारायला शिकली होती, पण हा एकच तोंडातून फुटेना. एकोणनव्वदाव्या दिवशी तिने आपला कप धुतला आणि घरी नेला. खण आवरला. जे लिहिलं होतं त्याची सगळी माहिती नीट मांडून ठेवली, मागून येणाऱ्याला त्रास नको म्हणून. जाताना नेलिदाला काही सांगितलं नाही. नेलिदानेही काही विचारलं नाही, फक्त पुडी जरा मोठी बांधली.

नव्वदाव्या दिवशी फेदेरिका तिला अंगणात घेऊन गेली. ऊन कडक होतं. फेदेरिका उभ्या उभ्या बोटं मोडत होती.

"तुला एक सांगायचंय. वाईट वाटून घेऊ नकोस."

"बोल."

"मी खूप भांडले मिल्तोनशी. खरंच. पण तो म्हणतो, नियम म्हणजे नियम. जी सगळ्यात नवी असेल तिच्यावरच येतं. मला माझ्या पहिल्या वर्षी हेच झालं होतं, मी घरी जाऊन रडले होते."

"तुलाही काढलं होतं?"

"काढलं? कुठून?" फेदेरिकाला कळेना. "अगं, जानेवारीचं बोलतेय मी. जानेवारी म्हणजे इथला भर उन्हाळा, सगळे समुद्रावर जातात, इथे कुत्रंसुद्धा राहत नाही. पण टँकर चालू असतात, गाईंना कुठली सुट्टी. मग नव्या माणसाला इथे ठेवतात. पूर्ण महिना एकटी तू. हेबेरचा फोन आला तरी तू, संघाचा आला तरी तू, काही बंद पडलं तरी तूच उठवायचं. इथल्या किल्ल्या तुझ्याकडे. उन्हाळा सगळा तुझा वाया जाणार, आणि मला फार..."

ती थांबली, कारण इदाल्मिस लिंबाच्या बुंध्याला हात टेकून ढसाढसा रडत होती. तोंड झाकायचंही तिला सुचलं नाही. तेरा महिन्यांचं पीठ, अकरा दिवसांच्या बसेस, ते सगळे 'हो का', सगळं त्या रडण्यातून बाहेर पडत होतं, आणि तिला इतकं हलकं, इतकं बरं वाटत होतं की ते थांबवावंसंही वाटेना.

फेदेरिका पुरती घाबरली. "रडू नकोस गं. थांब, माझी सुट्टी तू घे. मी राहते इथे. माझं काय, मी दरवर्षी जाते. आत्ता जाऊन सांगते त्याला." आणि ती निघालीच.

इदाल्मिसने तिचं मनगट धरलं. नाक पुसलं, डोळे पुसले, आणि आईने वर्गात कार्ट्यांना दटावावं तसं दटावलं, "खबरदार. माझ्या जानेवारीला हात लावायचा नाही."

"तुला चालेल?"

"नव्वद दिवस झाले आज. कुणी एका शब्दाने सांगितलं नाही की मी राहिले."

"त्यात सांगायचं काय?" फेदेरिकाला खरोखरच नवल वाटलं. "जायचं असतं तर सांगितलं असतं."

इदाल्मिसने तिथूनच, उन्हात उभं राहून, मिमाला फोन लावला. पलीकडे घंटा एकदाच वाजली. म्हातारी फोन हातात धरूनच बसली असणार.

"झाली का सभा?" मिमाने विचारलं.

"नाही झाली. मिमा, मला सुट्टी नाही मिळाली. सगळे समुद्रावर चाललेत आणि महिनाभर अख्खं ऑफिस एकट्या माझ्यावर टाकून चाललेत."

 मग चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या त्या आवाजात मिमा खिडकीतून शेजारणीला सांगताना ऐकू आली, की अगं ऐकलंस का, माझ्या पोरीला सुट्टी नाही मिळाली.